किनारा, पाणी आणि तळ : नॉर्स समुद्रदेवतांच्या श्राव्यमालिकेच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या बालविभागासाठी सहा भागांची श्राव्यमालिका करायचं आज ठरलं. प्रत्येक भाग वीस मिनिटांचा, सोबत बत्तीस पानांची चित्रपुस्तिका. विषय मी मागून घेतला. थॉर आणि लोकी मुलांना सिनेमामुळे तोंडपाठ आहेत, पण या नॉर्स, म्हणजे जुन्या उत्तर युरोपातल्या, गोष्टी सांगणारी माणसं नॉर्वेच्या फ्योर्डांत (जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांत) आणि आइसलँडच्या किनाऱ्यावर राहत होती. मासे खाऊन जगत होती आणि होडीतून गेलेली कितीतरी परत येत नव्हती. त्यांचा समुद्र कोणाच्या हातात होता, हे मुलांना सांगावं असं फार दिवस मनात आहे.

कामचलाऊ नाव लिहून ठेवलं : 'उत्तरेचा समुद्रदेव'.

९ जानेवारी

चित्रं माझी भाची काढणार आहे. पहिलंच रेखाटन तिने रात्री पाठवलं : दाढीवाला म्हातारा, कमरेपर्यंत पाण्यात, हातात त्रिशूळ. खाली लिहिलेलं, "मावशी, हा न्योर्द. बरोबर ना?"

चित्र सुरेख आहे, पण तो त्रिशूळ ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडनचा. न्योर्दच्या हातात कुठल्याही जुन्या कवितेत त्रिशूळ नाही. मुळात तो पाण्यात राहतच नाही. तिला फोन केला आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की कामचलाऊ नावातलं एकवचनही चुकलंय.

१२ जानेवारी

दिवसभर स्नोरी स्टुर्लुसन वाचला. आइसलँडचा हा विद्वान पुढारी. १२२० च्या आसपास त्याने जुन्या देवांच्या गोष्टी गद्यात उतरवल्या. तोवर देश ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटली होती. तो न्योर्दविषयी सांगतो ते असं : न्योर्द वाऱ्याची चाल ताब्यात ठेवतो, समुद्र शांत करतो, आगही शांत करतो. दर्यावर जाताना आणि मासेमारीला निघताना त्याला हाक मारायची. तो इतका श्रीमंत आहे की मागेल त्याला जमीन आणि मालमत्ता देऊ शकतो. गडगंज माणसाला 'न्योर्दसारखा श्रीमंत' म्हणायची पद्धत होती.

म्हणजे तो समुद्र नव्हे. समुद्राकडून घरी जे सुखरूप येतं, त्याचा तो देव : भरलेली होडी, पडलेला वारा, बंदरात टाकलेला नांगर. हा किनाऱ्यावर उभा राहून पाहिलेला समुद्र आहे.

खुद्द पाणी म्हणजे एगिर. आणि पाण्याखाली, जिथे बुडालेली माणसं जातात, तिथे त्याची बायको. तिच्या नावाने मला आज दोन तास छळलं, त्याबद्दल उद्या.

१३ जानेवारी

तिचं नाव जुन्या नॉर्समध्ये 'रान' असं म्हणतात. अर्थ बहुधा लूट, दरोडा. मराठी मुलाच्या कानावर 'रान' पडलं की डोळ्यांपुढे झाडं येणार. "रानने जाळं टाकलं" हे वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं आणि मलाच ससा-तितर दिसले. 'रानदेवी' केलं तर सगळंच बिघडतं. 'राण' केलं की राणी आठवते.

आजच्या आइसलँडिक उच्चारात तो लांब स्वर 'आउ' असा होतो. म्हणून 'राऊन'. बाकी सगळी नावं जुन्या उच्चाराच्या जवळ ठेवते, ही एकच आजची. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तसं स्पष्ट लिहायचं, म्हणजे पुढे कोणी मूळ शोधायला गेलं तर चुकणार नाही.

१५ जानेवारी

न्योर्दच्या घराचं नाव नोआतून. 'तून' म्हणजे कुंपण घातलेलं आवार, आणि 'नोआ'मध्ये जहाजासाठीचा जुना शब्द आहे, 'नोर'. हा 'नोर' आणि संस्कृतमधला 'नौ' एकाच मुळाचे. नौका, नाव, नावाडी, नौदल हे आपले सगळे शब्द त्याच मुळावर उगवलेले. न्योर्दच्या दारावरच्या पाटीतलं अर्धं नाव आपण रोज बोलतो!

भाग एक इथूनच सुरू करायचा. मुलांना आधी शब्द ओळखीचा वाटू दे, देव मागून येईल. भाषांतर 'नावांचं आवार' केलं असतं, पण मराठीत त्याचा अर्थ भलताच निघतो. 'होड्यांचं आवार' ठेवलं.

२२ जानेवारी

स्काडीचं लग्न. हा भाग मुलांना आवडणारच. स्काडी राक्षसांच्या कुळातली. तिचा बाप देवांच्या हातून मारला गेला. ती शस्त्रं घालून भरपाई मागायला आली. देव म्हणाले, आमच्यातला एक नवरा निवड, पण फक्त पावलं पाहून. सगळ्यांत देखणी पावलं तिने निवडली, देखण्या बाल्डर देवाची असणार अशा खात्रीने. ती निघाली न्योर्दची.

ती डोंगरातली, तो किनाऱ्यावरचा. आधी नऊ रात्री तिच्याकडे, मग त्याच्याकडे, असं ठरलं. (किनाऱ्यावरच्या रात्री काही हस्तलिखितांत नऊ आहेत, काहींत तीन. मी नऊ घेतल्या.) परतल्यावर दोघं एकेक कडवं म्हणतात. तो म्हणतो, डोंगर मला नकोसे झाले, हंसांच्या गाण्यापुढे लांडग्यांचं ओरडणं भेसूर वाटलं. ती म्हणते, समुद्राच्या बिछान्यावर मला झोप नाही, रोज पहाटे पाण्यावरून येणारा कुरव पक्षी मला उठवतो.

इथे कोणी वाईट नाही, कोणी कोणाला फसवलेलं नाही. दोघांना दोन वेगळ्या आवाजांत झोप लागते, एवढंच. घटस्फोट समजून सांगायला याहून नीट गोष्ट मला माहीत नाही, आणि आमच्या बालविभागात अशी दोन घरं असलेली मुलं आहेत. हा भाग जसाच्या तसा ठेवायचा, हसवायला जाऊन पातळ करायचा नाही.

भाचीला सांगितलं, न्योर्दचा चेहरा काढूच नकोस. फक्त पावलं काढ. तिने लगेच होकार दिला.

२६ जानेवारी

नेर्थुस. रोमन लेखक टॅसिटसने इ. स. ९८ मध्ये जर्मन टोळ्यांबद्दल लिहिताना समुद्रातल्या बेटावरच्या एका देवीची नोंद केली आहे. गाईंनी ओढलेल्या झाकलेल्या रथातून ती फिरायची आणि ती आली की लढाया थांबायच्या. शेवटी रथ आणि देवी तळ्यात धुतली जायची, आणि धुणारे गुलाम त्याच तळ्यात बुडवले जायचे. तिच्या नावात न्योर्दच्या नावाचंच जुनं रूप दिसतं, पण ती स्त्री आणि हा पुरुष, आणि मध्ये हजार वर्षांहून जास्त अंतर. अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलं आहे. माझ्या सहा भागांत त्याला जागा नाही. पुस्तिकेत चार ओळी पुरे.

२ फेब्रुवारी

एगिर आणि राऊनला नऊ मुली. नऊही लाटा. कवींनी लाटांना दिलेली ही नावं स्नोरीने यादी करून ठेवली. आज सकाळपासून त्यांना मराठी नावं शोधतेय.

ब्लोदुगहद्दा सगळ्यांत सोपी निघाली : रक्तकेशी. लाटेच्या माथ्यावरचा तांबूस फेस म्हणजे तिचे केस. कोल्गा म्हणजे गारठवणारी, तिला 'हीव' दिलं. हेव्रिंग उंच उठते, ती 'उसळी'. हिमिंग्लेवाच्या आरपार आभाळ दिसतं, तिच्यासाठी 'आभाळझळक' जुळवलं आणि स्वतःवरच खूश झाले. दूवा खाली बुडी मारते, म्हणून 'बुडी'. याच अक्षरांचा दुसरा शब्द कबूतर असाही आहे आणि त्यामुळे काही ठिकाणी 'कबूतर लाट' झालेली दिसली. ते टाळलं. द्रॉफ्न फेसाळलेली, ती 'फेसाळी'.

अडलं ते उरलेल्या तिघींशी. उद, ह्रॉन, बिल्ग्या : तिघींचाही अर्थ नुसता 'लाट'. आधी वाटलं, आपल्याकडे एकच शब्द, आता काय करायचं? मग मोजायला बसले. लाट, लहर, तरंग, ऊर्मी, कल्लोळ, हेलकावा, लोंढा. त्या लोकांनी जे केलं तेच आपणही करत आलोय, फक्त मुलींची नावं म्हणून कधी ओळीने मांडलं नव्हतं. उद म्हणजे लहर, ह्रॉन म्हणजे लोंढा, बिल्ग्या म्हणजे कल्लोळ.

दुसऱ्या एका यादीत द्रॉफ्नच्या जागी बारा नावाची मुलगी येते. आइसलँडमध्ये आजही बारा, ह्रॉन, बिल्ग्या, द्रॉफ्न ही मुलींची चालती नावं आहेत. आपल्याकडे ऊर्मी आणि लहर आहेतच.

४ फेब्रुवारी

एक खुलासा पुस्तिकेत हवा. हाइमडाल या देवाला नऊ आया होत्या आणि त्या म्हणजे याच नऊ लाटा, असं खूप ठिकाणी छापलेलं असतं. पण ज्या कवितेत त्या नऊ आयांची नावं दिली आहेत तिथली नावं पूर्णपणे वेगळी आहेत. मी दोन्ही नऊ वेगवेगळ्या ठेवतेय.

१६ फेब्रुवारी

एगिरच्या घरची मेजवानी. सगळे देव त्याच्याकडे प्यायला जमतात. तो यजमान, आणि दारू गाळणं हे त्याचं काम. सर्वांना पुरेल एवढं भांडं त्याच्याकडे नसतं, म्हणून थॉर हिमिर नावाच्या राक्षसाकडून भलीमोठी कढई आणतो. घरात शेकोटीच्या जागी चकाकतं सोनं ठेवलेलं, त्याच्याच उजेडात सगळे बसतात. मद्य आपलं आपण वाढलं जातं. त्या सोन्याच्या उजेडावरून कवी सोन्याला 'एगिरचा अग्नी' म्हणत. 'समुद्राचा अग्नी' असं कोडं घातलं की उत्तर सोनं. मुलांसाठी अशी पाच कोडी पुस्तिकेत टाकतेय.

लोकी तिथे येऊन एकेकाचा पाणउतारा करतो. न्योर्दला तो जे बोलतो ते बालविभागात म्हणता येणार नाही. उत्तर मात्र ठेवणार आहे. न्योर्द चिडत नाही. तो म्हणतो, मला दूर ओलीस म्हणून पाठवलं हे खरं, पण ज्याचा कोणी द्वेष करत नाही असा मुलगा मला झाला, हे माझं समाधान. तो मुलगा म्हणजे फ्रेयर. ओलीस राहिलेल्या माणसाचं हे बोलणं मला फार आवडतं.

२३ फेब्रुवारी

थॉर आणि जगाला वेढा घालणारा साप. साप देव नाही, म्हणून गोष्ट उरकून घेणार होते. मग स्वीडनमधल्या आल्तुनाच्या दगडाचे फोटो पाहिले. अकराव्या शतकातला कोरीव दगड. होडीत उभा थॉर, एका हातात हातोडा, दुसऱ्यात गळाची दोरी, दोरीला बैलाचं डोकं. आणि त्याचा पाय होडीच्या तळातून आरपार खाली गेलेला. स्नोरीच्या गोष्टीतही असंच आहे : साप एवढ्या जोराने ओढतो की थॉरचे पाय फळ्या फोडून समुद्राच्या तळाला टेकतात. शब्दांतली गोष्ट आणि त्याहून जुना दगड एकच क्षण दाखवतात. भाचीने तो पाय उतरवून घेतला.

२ मार्च

राऊन. आज तिच्याबद्दलचे सगळे उतारे एकत्र ठेवले आणि संध्याकाळी लवकर काम थांबवलं.

तिच्याकडे एक जाळं आहे आणि समुद्रावर येणाऱ्या माणसांना ती त्यात धरते. लोकीने एका बुटक्याला पकडायला तेच जाळं तिच्याकडून मागून आणलं होतं. एका सागात (जुन्या आइसलँडिक गद्यकथेत) वादळात सापडलेला तरुण आपली सोन्याची कडी तोडून सोबत्यांत वाटतो, कारण राऊनच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. दुसऱ्या सागात बुडालेले थोरोड आणि त्याची माणसं स्वतःच्याच श्राद्धाच्या जेवणाला ओल्या कपड्यांनी येऊन शेकोटीशी बसतात. घरचे आधी घाबरत नाहीत, त्यांना बरं वाटतं. बुडालेला माणूस आपल्या जेवणाला आला तर राऊनने त्याला नीट वागवलं, अशी त्यांची समजूत होती.

मूळ उताऱ्याला 'श्राद्ध' हा शब्द तंतोतंत लागू पडत नाही, ती वारसदाराने घातलेली मेजवानी असे. तरी ठेवला. ज्याचं शरीर मिळालेलं नाही त्याच्यासाठी पान मांडणं म्हणजे काय, हे मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही.

मालिकेचं नाव बदललं : 'किनारा, पाणी, तळ'.

९ मार्च

थोडी आजची भर. आइसलँडच्या तटरक्षक दलाच्या १९६८ मध्ये बांधलेल्या एका गस्ती जहाजाचं नाव एगिर होतं. १ सप्टेंबर १९७२ ला आइसलँडने मासेमारीची हद्द ५० सागरी मैलांपर्यंत वाढवली. चारच दिवसांनी, ५ सप्टेंबरला, याच एगिरने जाळी कापणारं अवजार पाण्यात ओढत नेऊन एका ब्रिटिश ट्रॉलरचं जाळं कापलं. त्या अवजाराचा हा पहिला वापर. पुस्तिकेत चौकट करायची : राऊनच्या जाळ्याशेजारीच.

१६ मार्च

पाचवा भाग, एगिल स्कालाग्रिमसन. हा देव नाही, दहाव्या शतकातला आइसलँडचा कवी. तरी मालिकेचा कणा हाच आहे, कारण या देवांशी खरोखर भांडलेला माणूस हा एकटाच.

त्याचा लाडका मुलगा बॉद्वर लाकूड आणायला होडीतून गेला. भरतीची वाट पाहता पाहता संध्याकाळ झाली. परत येताना नैर्ऋत्येकडून झंझावात सुटला, आणि त्याच वेळी ओहोटीचं पाणी फ्योर्डमधून उलट बाहेर निघालेलं. वारा एकीकडून आणि ओढ दुसरीकडून आली की लाटा उंच आणि आखूड होतात, एकावर एक चढतात, होडीला सावरायला मधे जागाच राहत नाही. सागा हे एका वाक्यात सांगून मोकळी होते, होडी त्यांच्याखालून गेली. भरती, ओहोटी, वारा. कुठल्याही बंदरावरच्या माणसाने सांगितलं असतं तसंच.

एगिलने मुलाचं शरीर स्वतः घोड्यावरून नेलं आणि आपल्या बापाच्या समाधीत ठेवलं. मग घरी येऊन कपाटासारख्या बंद बिछान्यात शिरला, आतून कडी लावली आणि अन्नपाणी सोडलं.

१९ मार्च

बायकोने मुलीकडे माणूस पिटाळला. थोरगेर्द, दूर ह्यार्दारहोल्टला दिलेली. ती आली, घरात जेवली नाही, बापाच्या दारावर थाप मारून म्हणाली, दार उघडा, मलाही तुमच्याच वाटेने यायचंय.

आज त्या प्रसंगाचं ध्वनिमुद्रण केलं. अंधारात दोघं पडून आहेत. ती काहीतरी चघळतेय.

"काय खातेस, पोरी?"
"समुद्रशेवाळ. याने लवकर संपेन म्हणतात."
"वाईट असतं का माणसाला?"
"फार वाईट. देऊ का तुम्हाला?"
"दे की."

सुकवलेलं लालसर शेवाळ, चिवट आणि खारट. चघळण्याच्या आवाजासाठी पापड, सुकट, खोबरं सगळं करून पाहिलं, सगळं कुरकुरीत येतं. शेवटी आमसुलं मीठ लावून चघळली. तोच आवाज, ओढून ओढून तुटणारा. आणि खरोखर तहान लागली, तेव्हा पुढचं वाक्य आपोआप नीट आलं : ती पाणी मागते, बाप म्हणतो शेवाळ खाल्लं की असंच होतं, तीही विचारते, "बाबा, तुम्हाला हवं?" शिंगातून तो घटाघट पितो, आणि ते दूध निघतं.

एगिलने शिंगाचा तुकडा दातांनी तोडून फेकला. थोरगेर्द म्हणाली, बेत फसला. आता निदान भावासाठी कविता करा, मी ती काठीवर कोरून घेते. मग वाटलं तर मरू.

२३ मार्च

त्या कवितेला 'सोनातोरेक' म्हणतात, मुलांचा तोटा. पंचवीस कडवी. मुलांसाठी चारच घेतेय. एकात तो म्हणतो, राऊनने मला फार नागवलं. समुद्राने माझ्या कुळाची बंधनं तोडली, माझ्यातलाच एक घट्ट पेड उसवला. 'पेड' हा शब्द मूळ शब्दाला अगदी चिकटून बसतो. दोरखंडाचा पेड. होडीवर राहिलेल्या माणसालाच हे सुचावं.

पुढे तो म्हणतो, तलवारीने सूड घेता आला असता तर त्या समुद्राशी लढलो असतो. आणि इथे अडचण आली. एगिल एगिरशी लढू म्हणतो! ऐकताना दोन्ही नावं एकच होतात. तीन वेळा मुद्रण केलं, भाची दरवेळी गोंधळली. शेवटी तोडगा कवितेतच सापडला. तिथे एका ओळीत एगिल त्याला 'मद्य गाळणारा' म्हणतो. भाग चारमधली मेजवानी मुलांना आठवेल : तोच यजमान, तीच कढई. आमचा सगळा भाग आता त्याच शब्दावर.

कविता करता करता एगिल उठून बसतो. पुढे तो पुष्कळ जगला.

३० मार्च

थोरगेर्दचं सासरचं घर, ह्यार्दारहोल्ट, मला आणखी कुठेतरी भेटलेलं आठवत होतं. आज सापडलं. तिचा नवरा ओलाफ याने बांधलेल्या दिवाणखान्यात लाकडावर देवांच्या गोष्टी कोरल्या होत्या, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात एका कवीने त्या कोरीवकामावर कविता म्हटली. त्यातलं एक चित्र थॉर आणि सापाचं. बापाला शेवाळ चारून समुद्रापासून परत आणणारी मुलगी त्या भिंतीखाली संसार करत होती. भाग तीन आणि पाच यांना जोडायला मी महिनाभर दुवा शोधत होते.

२१ एप्रिल

मुद्दाम आजची तारीख धरून सहावा भाग मुद्रित केला. बहुतेक जुन्या देवकविता ज्या एकाच हस्तलिखितात राहिल्या ते १२७० च्या सुमाराचं. १६६२ मध्ये ते आइसलँडहून डेन्मार्कच्या राजाकडे गेलं. २१ एप्रिल १९७१ ला डॅनिश नौदलाच्या जहाजातून परत आलं तेव्हा रेक्याविकच्या धक्क्यावर लोकांची गर्दी लोटली होती. चामड्याची पंचेचाळीस पानं, दोनदा समुद्र ओलांडून सुखरूप. हा न्योर्दच्या खात्यातला मामला, असं निवेदनात म्हटलंय, आणि मनापासून म्हटलंय.

शेवट न्योर्दवरच. देवांच्या दोन कुळांत लढाई झाली होती आणि तहात त्याला ओलीस दिलं होतं. जगाचा अंत येईल तेव्हा बरेच देव लढून मरतील. न्योर्दविषयी कविता एवढंच सांगते की त्या वेळी तो आपल्या माणसांत, वान नावाच्या आपल्या कुळाकडे, घरी परत जाईल.

२४ एप्रिल

सहाही भाग वाचनालयाकडे दिले. पुस्तिकेचं शेवटचं पान भाचीने बदललं. आधी तिथे जहाज होतं. आता ओल्या वाळूवर पावलांचे ठसे आहेत, पाण्यापासून आत, घराच्या दिशेने जाणारे. बोटं नीट उमटली आहेत. पाहताक्षणी मला कळलं कोणाची ते.